सोळाशे सहासष्ट आणि काहीतरी

कुताइसीतला ट्रकचा कारखाना बंद पडला तेव्हा
गुरामकाकाने थकलेल्या पगारापोटी मिलिंग मशीन उचललं.
गॅरेजचं दार फोडून आत घेतलं,
दार परत बांधलं.
ते आता बाहेर निघायचं नाही.
मीही नाही, म्हणतो काका.

एकतीस वर्षं त्याची चाकं हातानं फिरवली त्यानं.
यंदा उजवा हात चहा सांडायला लागला.
म्हणून मी तिबिलिसीच्या जुन्या बाजारातून
तीन सर्वो मोटारी आणल्या, एक कंट्रोलर,
आणि चिनीतून रशियनमध्ये कुणीतरी घाईघाईने ढकललेली
एक माहितीपुस्तिका.
पान अकरा: पडद्याला दोन्ही टोकांनी पुरू नये.

दोन संध्याकाळी मी त्या वाक्यापाशी बसून होते.
पडदा म्हणजे केबलवरची तांब्याची जाळी.
ती एकाच बाजूला जमिनीला जोडायची,
दुसरी बाजू मोकळी, टेप गुंडाळून.
पण आमच्या घराला जमिनीची तारच नव्हती!
काकाने द्राक्षवेलीखाली सळई ठोकली,
डाव्या हातानं, घाव चुकवत, शिव्या देत.
तोवर शेजारी मलखाजने वेल्डिंग पेटवलं की
उभं टेबल आकड्यांमध्ये चालायला लागायचं,
जागचं न हलता.

मग एन्कोडरच्या तारा. हिरवी, पिवळी.
मी उलट जोडल्या.
कंट्रोलर म्हणाला थांब,
मोटारीला ऐकू आलं पळ.
जितकं ओढून धरावं तितकी ती सुसाट,
टेबल कडेवर आदळलं, त्सिउरीकाकूच्या हातातली
राजम्याची भाकरी जमिनीवर,
आणि लाल बटणावर सगळ्यात आधी पोचला
तो काकाचा हात. थरथरतच, पण आधी.

तारा बदलल्या. आता गणित.
मोटारीच्या एका फेऱ्याला दहा हजार मोजण्या,
पेच सहा मिलिमीटरचा,
म्हणजे मिलिमीटरला सोळाशे सहासष्ट
आणि दोन तृतीयांश.
हे दोन तृतीयांश ठेवायचे कुठे?
मी सहावर सहा टंकत गेले, चौकट भरली, शेवटी सात.
काका म्हणाला, कारखान्यातही असंच होतं,
शेवटी कुणीतरी सात लिहायचा आणि सही करायचा.

गेन वाढवला तर मोटार दात आवळून गुणगुणते,
कमी केला तर हुकूम पुढे, टेबल मागून रेंगाळत.
सांगितलं कुठं, पोचलं कुठं,
मधल्या अंतराला पुस्तिकेत चूक म्हटलंय.
मी पडद्यावरची रेघ बघत होते.
काकाने टेबलावर तळवा ठेवला, डोळे मिटले.
अजून थोडं खाली, म्हणाला.
आता हिला झोप लागली.
रेघ सपाट होती.

एक ढिलाई राहिली होती पेचात, झिजून आलेली.
त्याचा जुना रिवाज: मुक्कामाच्या पुढं जायचं,
मग एकाच बाजूनं परत यायचं,
चाळीस शतांश गिळून.
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, मनगटाला माहीत होतं.
सत्तेचाळीसाव्या ओळीत मी लिहिलं: शून्य पूर्णांक चाळीस.
एवढंच? त्यानं विचारलं.
एवढंच, काका.

चाकं काढून भिंतीला टांगली. तो काही बोलला नाही.
काकूने एकावर कांद्याची माळ अडकवली.

आणि मग आठ चाळीसला वीज गेली.
मी सेव्ह केलं नव्हतं.

वीज आली तेव्हा पडद्यावर सगळी शून्यं.
मी कपाळाला हात लावून बसले,
चिठ्ठ्या कुठं, कागद कुठं,
पुस्तिकेचं पान भाकरीच्या तेलानं चिकटलेलं.
काकाने स्टूल ओढलं, चष्मा न लावता बसला.
लिही, नेस्तान, म्हणाला,
आधी सत्तेचाळीस. चाळीस शतांश.
बाकीचं नंतर आठवू.