दोरी चालू आहे

गाडी थांबते तिथून पुढं चालतच चढायचं,
पाठीवर फळ्या, खांद्यावर बटाट्यांचं पोतं.
आमच्या क्लबात पाहुणा असा कुणी नसतो.
जो येतो तो सोलतो, धुतो, फावडं मारतो,
मग घसरतो.

इथं वर नेणाऱ्या खुर्च्या नाहीत.
जुन्या ट्रॅक्टरचं काढलेलं एक डिझेल इंजिन,
खांबांवरच्या चाकांतून पळणारी दोरी
आणि प्रत्येकाच्या कमरेला लोखंडी अडकित्ता.
दोरी मुठीत धरायची, वेग अंगात येऊ द्यायचा
आणि नेमक्या क्षणी अडकित्ता तिच्यावर मिटायचा.
घाई केलीत तर तोंडावर.
उशीर केलात तर हातमोजा चाकात.

नायरी एवढंच सांगते नव्या माणसाला.
एकाहत्तर वर्षांची, इंजिनाच्या पत्र्याच्या खोपटात,
दोरीनं खाल्लेले हातमोजे शिवत बसलेली.
बर्फाचं वेळापत्रक तिला पाठ:
आठला काच,
दहाला पातेल्याच्या बुडाची खरवड,
बाराला रवाळ तूप, तेव्हाच काय ते घसरून घ्या,
तीननंतर नुसती लापशी.

ऑगस्टातल्या त्या शनिवारी टिपेने आला.
चौदा वर्षांचा. खालच्या खोऱ्यात
मेंढ्या कातरणाऱ्या टोळीतल्या मामानं आणून सोडलेला,
काखेत कुणाचा तरी मागून आणलेला स्नोबोर्ड.
आता आडवा उभा राहणारा माणूस
आणि सरळ ओढणारी दोरी
यांचं मुळातच पटत नाही.
अकरा वेळा पडला.
बाराव्यापासून आम्ही मोजणं सोडलं, सभ्यपणानं.
कुणी हसलं नाही.
खोटं कशाला, मर्डो हसला,
मग नायरीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पोरानं बोर्ड सोडला, पाठीला बांधला,
आणि बुटाच्या टोकानं बर्फात पायऱ्या पाडत
निघाला कड्याच्या दिशेनं.

दोरीवरून जाताना पहिल्यांदा आम्ही ओरडलो, शाबास!
दुसऱ्यांदा हात वर केला.
मग आपापल्या बुटांकडे बघत जाऊ लागलो.
मी सात वेळा त्याला मागे टाकलं.
सातव्यांदा माझीच मला लाज वाटली,
पण दोरी काही सोडली नाही.

चारला ऊन कड्यामागे गेलं.
सगळे खाली. चुलीवर सूप.
मर्डोनं इंजिनाच्या खटक्याकडे हात नेला.
इथवर डिझेल पाठीवरून येतं, त्याचंही चूक नव्हतं.
"वर माणूस आहे," नायरी म्हणाली.
"तो दोरीवर नाही."
"माहितेय मला."

आणि रिकामी दोरी वर जात राहिली,
रिकामी खाली येत राहिली,
प्रत्येक चाकापाशी एक टक् करत.

वर कड्यावर एक ठिपका बसलेला.
शेजारी दुसरा ठिपका, हिरवट:
किया पोपट, बोर्डाचा पट्टा ओढून बघणारा.
तिथून स्वच्छ दिवशी पश्चिमेचा समुद्र दिसतो,
राखाडी, नखाएवढा.
त्याला दिसला की नाही, आम्ही विचारलं नाही.
मग तो आडवा उभा राहिला.

एकच रेघ.
दिवसभरात कुणी न शिवलेल्या उतारावर
एकच लांब वाकडी रेघ,
आणि तो जिथं दोनदा पडला
तिथं दोन स्वल्पविराम.

खोपटाच्या दारात आला तेव्हा
दात वाजत होते, डावा हातमोजा फाटून लोंबत होता.
"दे इकडे," नायरी म्हणाली. सुईत दोरा आधीच होता.
"दोरी कशाला चालू ठेवलीत?"
तिनं दातानं दोरा तोडला.
"अंधारात उतार कळत नाही. आवाज कळतो."
मग खटका पाडला.
डोंगर एवढा गप्प झाला
की सुपाचं उकळणं बाहेर ऐकू आलं.

त्या रात्री बटाटे सोलायची पाळी टिपेनेची.
साली इतक्या जाड काढल्या पोरानं
की अर्धा बटाटा बादलीत.
कुणी काही बोललं नाही.
मर्डो तेवढा शेजारी येऊन बसला,
आपला चाकू त्याला दिला
आणि स्वतः बोथट घेतला.