शून्य रुपयाचं तिकीट

सोमवारी काही नाही.
सोमवारी नळाला पाणी येतं,
पिंप, कळश्या, बादल्या,
लग्नात आलेली फुलदाणीसुद्धा भरून ठेवते
आणि पायरीवर बसते पाय पसरून.
हेही काही नाहीतच धरायचं.

मंगळवारी आम्ही चौघी.
गिरिजा मुचंडीकर, शांतव्वा, क्लोटिल्डा आणि मी,
टेलिफोन एक्स्चेंजच्या त्याच लांबट खोलीतल्या,
जिथं डोक्याला हेडफोन बांधून
अख्ख्या जिल्ह्याच्या कानात बसलो होतो.
मराठीत बारसं, कन्नडात मयत,
इंग्रजीत बदलीची ऑर्डर, कोकणीत शिव्या,
सगळं जोडून दिलं
आणि आम्ही नाही ऐकलं म्हणालो.
(ऐकलं.)

आता आधारकार्ड पर्सच्या पुढच्या कप्प्यात.
ते दाखवलं की कंडक्टर
मशीनमधून चार तिकिटं काढतो, प्रत्येकावर शून्य.
गिरिजाला पहिल्यांदा अपमान वाटला,
बळंच दहाची नोट कोंबली पोराच्या हातात.
तो म्हणाला, "मावशी, शून्याचे सुट्टे नाहीत माझ्याकडं."
तेव्हापासून खिडकी तीच पकडते.

येळ्ळूरला गेलो, गड चढायचा म्हणून.
बसमधनं उतरलो तिथंच एका अंगणात
नवा बासमती पाखडायला बसलेल्या बायका,
आणि वास असा,
की क्लोटिल्डानं चप्पल काढली बाहेर.
दोन-दोन किलो घेतले, चहा झाला,
कुणाच्या तरी सुनेचं बाळ मांडीवर फिरलं.
गड?
दिसत होता की वर. कुठं जातोय.

बुधवार गुडघ्याच्या डॉक्टरचा.
त्यावर लिहिणार नाही.

गुरुवारी शांतव्वाकडं.
"येनव्वा, ऊटा आत?" दारातनंच.
तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
पस्तीस वर्षं हेडफोनला दिला, तोच कान.
पोरानं मशीन घेऊन दिलंय,
ते कपाटात, सोन्याच्या पाटल्यांशेजारी.
मी तिच्या उजवीकडं बसते.
तिचं कन्नड, माझं मराठी, मध्ये कुंद्याची पुडी.
बाहेर बोर्डांच्या भाषेवरनं मोर्चा निघालेला,
आम्ही भज्यांत ओवा किती, यावर भांडत होतो.
ती हरली की ऐकूच येत नाही तिला.

शुक्रवारी कागलला, बहिणीकडं.
निपाणीपर्यंत शून्य.
तिथं बस बदलायची, तंबाखूच्या वासानं चार शिंका,
मग पलीकडच्या गाडीत अर्धं.
बहीण म्हणते, तुमची मजा आहे बाई.
ती इकडं आली की मी म्हणते, तुमची.

आणि शनिवारी, खडेबाजारात,
आलेपाकाच्या दुकानापुढं, माझ्या पुढ्यात
पांढरी टोपी, वाकलेली पाठ, हातात कापडी पिशवी.
"पाव किलो द्या, पण कडक नको."
त्या 'पण'वर आवाज जरासा घसरला
आणि माझ्या हाताची बोटं आपोआप
नसलेली वायर शोधायला लागली.
खानापूर बावीस.
लाकडाच्या वखारीचे कुणी नेसरीकर,
दर शनिवारी रात्री नऊला पुण्याचा ट्रंक कॉल,
मुलगी होस्टेलवर,
तीन मिनिटं, त्यातलं एक नुसतं
"जेवलीस का, पण पोटभर?"
चेहरा कधी पाहिला नव्हता.
मी माझा जुना आवाज काढला,
कुठं ठेवला होता देव जाणे,
"खानापूर बावीस, बोला, लाइन जोडली आहे."
पुडी हातातच राहिली.
वळले नाहीत लगेच.
रिकामा हात कानाशी गेला
आणि भर बाजारात, रिक्षांच्या गोंधळात,
म्हणाले, "हॅलो?"

मुलगी आता मेलबर्नला. नातू उंच आहे.
मला म्हणाले, "तुम्ही एकदा तीन मिनिटं झाली तरी
तोडला नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री."
मला आठवत नाही.
तरी मान हलवली.

रविवारी क्लोटिल्डा चर्चमधनं परस्पर आली,
तिला सगळं दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा थोडं वाढवून.
तिकिटं गोळा करायचा डबा भरलाय,
शून्यं फेकवत नाहीत.

उद्या पाणी.
पिंप घासायला हवं आज.