आधाराचं बोट

गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की मी आधी करंगळी टेकवतो
त्याच्या जबड्याच्या हाडावर, कानाखाली,
आणि मगच वस्तरा उघडतो.
मातोझिन्यूश बंदरातले म्हातारे कोळी म्हणतात,
डोळे मिटले तर बेल्मीरूच दाढी करतोय असं वाटतं.
रक्त आहे शेवटी, म्हणतो सार्डिनच्या कारखान्यातला जुना मुकादम,
दर शनिवारी.
मी दर शनिवारी त्याला सांगतो,
गळ्यावर पातं असताना बोलू नये.

रक्ताचं मला काही ठाऊक नाही.
चार वर्षांचा होतो. ब्रागाच्या ननांनी आणून सोडलं
एका कागदी पिशवीसकट.
पिशवीत एक स्वेटर होता,
कॉलरच्या आत शिवलेलं नाव
दुसऱ्याच कुणाचं.

बेल्मीरूचा हात तेव्हाही थरथरायचा.
सकाळी कॉफीचा कप बशीवर वाजे,
त्या आवाजाने मला जाग यायची.
त्याच्या बापाचा हात तसाच, आज्याचाही,
तीन पिढ्या न्हावी आणि तिन्ही पिढ्यांना कंप,
आणि तरी गावात कुणाचा कान कापला गेला नाही
(एक पाद्री सोडला तर, आणि तो म्हणे हलला होता).
कारण हे बोट.
ते टेकलं की सगळा हात शांत व्हायचा,
नांगर टाकलेल्या होडीसारखा.

मला शिकवलं फुग्यांवर.
फुगा फुगवायचा, साबण फासायचा, दाढी करायची.
एकही फुटला नाही.
माझा हात दगडासारखा,
त्याला कसला टेकू लागणार?
हे त्याला दिसलं नसेल असं नाही.
तरी तो मागे उभा राहून म्हणायचा,
बोट, तोमे. आधी बोट.

मार्चमध्ये तो गेला.
क्लेरमाँ-फेराँहून ओदेत आली, त्याची मुलगी.
दोन वर्षांची असताना आईबरोबर गेली होती,
एकेचाळीस वर्षांनी आली, कागदांवर सह्या करायला.
चेहरा बघून मी ओळखलं नसतं.
मी पाठमोरा, साखर शोधत होतो,
आणि मागे बशीवर कप वाजला.

मी किती वेळ वळलो नाही, सांगता येणार नाही.

तिने हात टेबलाखाली घेतला.
औषधांच्या दुकानात काम करते म्हणाली,
करत होते म्हणाली. आता थेंब मोजता येत नाहीत.
डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला आहे?
मी म्हटलं, कुठल्या घरात?

वळणाचं पाणी वळणावर जातं म्हणतात.
ते फ्रान्सलाही जातं, डोंगर ओलांडून,
ज्याने तिला एकदाही बोट धरून चालवलं नाही
त्याच्या नावाने.
आणि वळण मात्र इथे राहिलं, माझ्या हातात,
ज्याला आजार नाही त्याच्याकडे इलाज.
मी चिडलो होतो का? थोडा.
तिच्याकडे काहीतरी होतं त्याचं
जे मला कितीही वर्षं दुकान झाडून मिळालं नसतं.
तिलाही तसंच वाटत असावं. माझ्या हातांकडे बघत होती.

मी म्हटलं, करंगळी टेकव. कागदाच्या कडेला.
जोरात नाही. दार लोटल्यासारखी.
सही वाकडीच आली.
पण ‘ओदेत’मधली सगळी अक्षरं वाचता येत होती,
आणि त्याखालचं आडनाव, आमचं.

काल दुकान बंद केल्यावर आरशासमोर उभा राहिलो,
स्वतःच्या गालाला साबण लावला,
बोट न टेकवता वस्तरा धरून पाहिला.
हात जरासुद्धा हलला नाही.
पुढेही सरकेना.
साबण वाळेपर्यंत तसाच उभा होतो.

रात्री तिचा फोन आला.
सात थेंब जमतात आता, म्हणाली,
बाटलीच्या गळ्याला बोट लावून.
आठवा सांडतो.