तर

मी दुभाषा. अपघात-दाव्यांच्या न्यायाधिकरणात, फोर्टात.
साक्षीदार मराठीत सांगतो, मी इंग्रजीत उतरवतो.
बावीस वर्षं झाली.
घडलं त्याहून जास्त
न घडलेलंच गेलंय माझ्या हातून.

वुड हॅव.
परळच्या रात्रशाळेत कर्णिक मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं
आणि खडू झाडत म्हणाले होते,
हे मेलेल्या गोष्टीचं भविष्य.
आम्ही हसलो होतो. झोप उडाली म्हणून असेल.

आज साक्षीला प्रमिला धोंडू वायंगणकर, राहणार शिवडी.
मुलगा सुहास, वय तेवीस, दारूखान्यात वेल्डर.
डिमेलो रोड, टँकर, सकाळचे आठ.
वकील विचारतात, पुढे किती कमावलं असतं?
ती म्हणते, कोणी?

गणित सोपं असतं. पगार धरायचा,
त्यात चाळीस टक्के, कारण वाढला असता.
मग निम्मे वजा, कारण लग्न झालं नव्हतं,
स्वतःवर उडवले असते.
उरतील त्याला गुणिले अठरा.
"नसते उडवले," ती मध्येच म्हणते,
"चहासुद्धा घरून पिऊन जायचा."
हे मी टाइप केलं.
विमा कंपनीच्या वकिलांनी मान वर केली
आणि पुन्हा फायलीत घातली.

इंग्रजीचं मला नवल वाटतं.
जे झालंच नाही त्यालाही ती हॅव म्हणते,
म्हणजे आहे, माझ्यापाशी आहे,
कनवटीला खोचून ठेवल्यासारखं.
पण गेलं ते काय होतं, ते तिला ठाऊक नसतं.
मुलगा, मुलगी, वासरू,
वुड हॅव सगळ्यांना एकच.
आपल्याकडे तो आला असता, ती आली असती,
पोर रडलं असतं, वडील रागावले असते.
नसलेल्यालाही आपण लिंग देतो, वचन देतो, मान देतो,
आणि उभं कशावर करतो, तर असण्यावर.
नसलेल्याला दुसरं जोतंच नाही
आपल्या भाषेत.

साहेबांनी वय पुन्हा विचारलं.
"आषाढात सव्वीसचा होईल."
होईल, की झाला असता?
"तुमच्यात जे बसतं ते लिहा."
मी वुड हॅव लिहिलं.
दुसरं काही मला येत नव्हतं.

उलटतपास संपला. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला.
उठता उठता ती थांबली,
आणि साहेबांना नाही, मला म्हणाली,
"डबा विसरलेला. जिन्यावरनं परत बोलावला मी.
दोन मिनिटं.
मी हाक मारली नसती तर."

तिचे वकील म्हणाले, हे घेऊ नका.
घेतलं नाही.

सगळे जेवायला गेल्यावर
एका रद्द अर्जाच्या पाठीवर, पेन्सिलीने,
ते इंग्रजीत करायला बसलो.
आधी हॅड आलं, मग ती, मग नाही, मग हाक,
मग स्वल्पविराम.
आणि स्वल्पविरामापाशी इंग्रजी अडून राहिली
हात पुढे करून, खिडकीतल्या कारकुनासारखी.
पुढचं द्या. वुड हॅव, काय?
त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

मराठीत ते पुरं झालं होतं.
तर, एवढं म्हणून तिने पिशवी सावरली होती
आणि शिवडीची बस
कुठल्या बाजूला मिळेल
ते मला विचारलं होतं.