एकशे त्र्याहत्तरावी जागा

त्या वर्षी मिलानहून गाडी आली, डब्यांत बर्फ घेऊन,
आणि शाळेच्या बाकांवर बसून
अख्ख्या लिमोनेने बाह्या सरसावल्या.
पाद्री, पोस्टमन, लिंबांच्या बागेतले दोघे अबोल भाऊ,
माझी आई, जिला सुई दिसली की हसू फुटायचं,
आणि फाउस्तीनो, माझा धाकटा,
तोंडातली सिगारेट न काढता.

आमच्या पाठीशी कडा, समोर सरोवर.
रस्ता आला तो आईच्या लहानपणी.
त्याआधी पीठ, मीठ, सुईण, नवरी,
जे यायचं ते होडीतून.
नवऱ्या तरी कुठून येणार फार लांबच्या?
चार आडनावांत घोळत राहिलं रक्त.

डॉक्टरांबरोबर एर्सिलिया होती, चष्म्याला धागा बांधलेली.
आमच्याच ओट्याशी उभं राहून
तिने आईच्या सूपकडे बोट दाखवलं:
हे तेलाचे डोळे बघा.
पाण्यात तेलाला एकट्याने हिंडता येत नाही,
कुणीतरी कमरेला धरावं लागतं.
रक्तात ते काम एका प्रथिनाचं.
दोनशे त्रेचाळीस मण्यांची साखळी,
द्राक्षवेलीच्या तणाव्यासारखी पिळे घेत जाणारी.
तिची एक कड पाण्याशी गोड बोलते,
दुसरी तेलाला पोटाशी धरते.
अशा दोन साखळ्या उलटसुलट वळल्या
की चरबीच्या चकतीला पट्टा बसतो,
आणि ती निघते
धमनीच्या भिंतीतला मेणचट साका उचलून
यकृताच्या दारात टाकायला.

आईने सूप ढवळलं. डोळे फुटले, पुन्हा जमले.

फाउस्तीनोचं रक्त त्यांनी तीनदा तपासलं.
यंत्रच बिघडलं असणार, म्हणाले.
चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा इतका खाली
की या माणसाने केव्हाच छाती धरून बसायला हवं होतं.
तो तेव्हा लिंबांचं खोकं खांद्यावर घेऊन
शंभर पायऱ्या चढत होता.

एकशे त्र्याहत्तराव्या जागेवर
जगात जवळपास सगळ्यांना आर्जिनीन.
त्याच्याकडे सिस्टीन, टोकाला गंधक असलेलं.
गंधकाला गंधक भेटलं की हात सुटत नाही;
त्याच्या साखळ्या जोडीजोडीने अडकलेल्या.
होड्या मोजक्या, त्याही लवकर मोडीत निघणाऱ्या,
पण तरंगतात तोवर ओझं बरं ओढतात, असं वाटतं.
“असं वाटतं”, हे एर्सिलिया दोनदा म्हणाली.
तिच्यावर माझा विश्वास बसला तो त्यामुळे.

चर्चच्या वह्यांतून ते मागे मागे गेले,
दोनशे वर्षांपूर्वीच्या एका लग्नापाशी थांबले.
वधूच्या नावावर शाईचा डाग होता.

पाकिटं आली. आईत नाही.
फाउस्तीनोत आहे.
म्हणजे बाबांकडूनच आलेलं.
बाबांचं रक्त कुणी घेतलं नव्हतं,
त्याच्या नऊ वर्षं आधी पहाटेच्या पेलेर वाऱ्याने
त्यांची होडी उलटवली होती.
आतल्या सगळ्या होड्या शाबूत असतील तेव्हा,
आपापली फेरी करत,
वर काय झालं ते कळेपर्यंत.

माझ्या पाकिटात आर्जिनीन. चारचौघांसारखं.
मी ते पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवलं
आणि कुणाला दाखवलं नाही.
नाणं एकच उडवलं होतं देवाने, दोन मुलांसाठी दोनदा;
यात रागवायचं कुणावर?
तरी रागावले. सहा महिने.

पुढे मोठ्या शहरांत त्या साखळीचं औषध केलं,
शिरेतून थेंबथेंब सोडलं.
आधी पेपरांत गाजलं, मग हळूहळू गप्प झालं.
फाउस्तीनोला लागलं ते.
त्याने मन मोठं करून उसनी दिलेली होडी
कुणी भोक पडलंय म्हणून परत केल्यासारखं.

आता तो एक्याऐंशीचा.
डुकराच्या चरबीत मासे तळतो, धूर माझ्या खिडकीत.
रात्री नऊला मी गोळी काढते.
कडू असते का गं, तो विचारतो,
दर रात्री, जणू पहिल्यांदाच.
चव नसते, मी सांगते,
आणि त्याच्या ताटातला एक मासा उचलते,
लहानसा.