उलटा मॅसी

सहमच्या मागे, खजुरांच्या शेवटच्या रांगेत
खलफानच्या बापाचा मॅसी.
विहिरीत समुद्र शिरला तसा
नांगर कुंपणाला टेकला तो टेकलाच.
आता खलफानला लोडर हवाय,
शेळ्यांचं खत उचलायला, वाळू लोटायला.

मोठी चाकं पुढे घ्यायची, म्हणजे
चाकं जागेवरच,
माणूस फिरवायचा.

सीट खोलली. खाली खजुराच्या बिया,
पंचवीस बैशांचं काळं पडलेलं नाणं.
निसार वेल्डिंगला, मी ॲक्सलला.
क्राउन व्हील डावीकडचं उजवीकडे,
खरी करामत तेवढीच.
पिनियन आपला पूर्वीसारखाच फिरतो,
त्याला पत्ताच नाही
की पुढचं आता मागे झालंय.

क्लच, ब्रेक, सगळ्यांना लांब दांड्या जोडल्या.
स्टिअरिंगने दोन दिवस खाल्ले :
डावं मारलं की हा उजवीकडे.
निसार म्हणाला, पहिल्या वर्षी
तूही इथे असाच चालायचास.

चौथ्या दिवशी, असरनंतर,
बादली भरून उचलली. टिकली.
खलफानने विचारलं, गिअर किती?
म्हटलं, तुझ्या बापाला पुढे चार, मागे एक.
तुलाही तेवढेच,
फक्त बापाचं मागे ते तुझं पुढे.
त्याने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
आणि डिझेलने माखलेला माझा हात
दोन्ही हातांत धरला.

अंधार पडल्यावर बत्ती लावली.
उजेड गेला जुन्याच दिशेला,
आमच्या पाठीमागे, नांगरावर.

वायर उद्या आणतो, म्हणालो.