नऊ मिनिटं

घरकुलाच्या कमानीला फ्लेक्स लागलाय :
इरय्या यमूल, वय बासष्ट.
फोटो आधार कार्डावरचा.
त्यात तो कुणालाच हुलकावणी देत नाही.

मी दुसरीत होतो. पार्कावर चुन्याच्या रेघा ताज्या.
पळतीला उतरताना त्यानं घड्याळ काढून
माझ्या मुठीत कोंबलं, "धर रे."
अनवाणी तो. पोटरीला रात्रपाळीचा कापूस तसाच.

आठ जण बसलेले, एकाआड एक उलटी तोंडं,
आणि त्यांच्यातनं तो
धोट्यासारखा, इकडून तिकडं, इकडून तिकडं.
मागांच्या खडखडाटानं कान गेलेले,
'खो' त्याला ऐकूच यायचा नाही.
"पाठी वाचतो मी," म्हणायचा,
"माणूस उठायच्या आधी
त्याचा खांदा उठतो."

माझ्याजवळून जाताना ओरडला, "किती झाली?"
मला कुठं घड्याळ कळत होतं.
"लई!" मी म्हटलं.
ऐकू आलं नसणार. तरी हसला,
आणि खांबाला वळसा घालून गेला.

पुढं तो अशोक चौकात
चादरींच्या घड्या घालायचा.
एकदा मी त्या दुकानापुढनं गेलो,
ओळख दिली नाही.
पोट सुटलं होतं त्याचं. एवढ्याचाच
मला राग आला होता.

आज मयतीला त्याच्या पोरानं विचारलं,
"तुम्ही कोण, काका?"
गल्लीत माग चालू होते, मोठ्यानं बोलावं लागलं :
"मी घड्याळ धरायचो."

त्यानं मान हलवली,
नि हातातला हार
माझ्याकडं धरायला दिला.